उबेचा जमाखर्च

इ. स. १९११ च्या जून महिन्याची २७ तारीख. दक्षिण ध्रुवखंडाच्या किनाऱ्यावरील केप एव्हन्स येथील लांकडी घरांतून त्या दिवशीं तीन माणसें दोन घसरगाड्या ओढीत अंधारांत बाहेर पडलीं. कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेंतील डॉ. एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड हे ते तिघे. तिकडे तो ऐन हिंवाळा; सूर्य दोन महिन्यांपूर्वीं मावळला होता आणि ऑगस्टपर्यंत तो उगवावयाचा नव्हता. त्यांना जावयाचें होतें केप क्रोझियरला, म्हणजे अवघ्या ६७ मैलांवर. एवढें अंतर तोडावयास त्यांना १९ दिवस लागले. वाटेंत एके दिवशीं पारा उणे ७७ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सेंटिग्रेड मापानें उणे ६० अंशांपर्यंत उतरला. तंबूबाहेर पाऊल टाकून मान वर करावी, तों अंगावरील कपडे तशाच आकारांत गोठून जावे आणि मान खालीं येऊं नये! चेरी-गॅरार्ड यांचे दांत थंडीनें तडकले. पुढें वादळानें त्यांचा तंबूच उडवून नेला. तो पुन्हां सांपडला म्हणून तिघे जिवंत परतले.

एवढा खटाटोप कशासाठीं, तर सम्राट पेंग्विन या पक्ष्याच्या अंड्यांसाठीं. हा पक्षी अत्यंत पुरातन असून त्याच्या अंड्यांतील गर्भ पाहिला तर पक्ष्यांच्या वंशाचें कोडें सुटेल, अशी त्या काळच्या विद्वानांची समजूत होती. पांच अंडीं मिळालीं, दोन वाटेंत फुटलीं, तीन लंडनच्या संग्रहालयांत पोंचलीं. आणि कांहीं वर्षांनीं तज्ज्ञांनीं निर्वाळा दिला कीं, त्यांपासून विशेष नवें कांहींच कळलें नाहीं. तोंवर विल्सन व बॉवर्स हे दोघे स्कॉट यांच्याबरोबर ध्रुवाहून परततांना मृत्युमुखीं पडलेले होते.

या प्रवासाची कथा चेरी-गॅरार्ड यांनीं १९२२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. परंतु ती वाचून झाल्यावर मनांत एक वेगळाच प्रश्न उरतो. लोकरीचे कपडे, तेलाची शेगडी, हरणाच्या कातड्याच्या पिशव्या, इतकें सारें जवळ असूनहि हे धडधाकट पुरुष पांच आठवड्यांत अर्धमेले झाले. आणि ज्यांचीं अंडीं आणावयास ते गेले ते पक्षी? त्यांना ना घर, ना शेगडी, ना अन्न. ते त्याच बर्फावर, त्याच अंधारांत, पायांवर अंडें तोलून दोन महिने उभे होते; आणि दरवर्षीं उभे असतात. हें त्यांना कसें साधतें?

या प्राण्यांचें रक्तच मुळीं अधिक उष्ण असेल, असें सहज वाटतें. पण तसें नाहीं. सम्राट पेंग्विनच्या शरीराचें तपमान ३८ अंशांच्या आसपास, म्हणजे मनुष्याच्या तपमानाहून फार तर एखाद्या अंशानें अधिक असतें. भट्टी तेवढीच आहे. फरक आहे तो तिच्यांतील ऊब खर्च करण्याच्या रीतींत. ध्रुवप्रदेशांतील प्राणी श्रीमंत नाहींत. ते अतिशय काटकसरी आहेत.

ही गोष्ट प्रयोगानें दाखवून दिली ती शोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं. अलास्काच्या उत्तर टोंकाला पॉइंट बॅरो येथें त्यांनीं निरनिराळे प्राणी थंड हवेंत ठेवून ते किती प्राणवायु वापरतात, म्हणजेच शरीरांतील इंधन किती जाळतात, हें मोजलें. १९५० सालीं त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रत्येक प्राण्याची एक मर्यादा असते; हवा त्या मर्यादेपर्यंत गार झाली तरी त्याला जादा इंधन जाळावें लागत नाहीं, ती ओलांडली कीं कांपरें भरतें आणि खर्च वाढूं लागतो. उघड्या अंगाच्या मनुष्याची ही मर्यादा सुमारे २७ अंश आहे. म्हणजे मुंबईच्या पौषांतील सकाळसुद्धां आपल्या शरीराच्या हिशेबानें थंडच! उत्तर ध्रुवाकडील पांढऱ्या कोल्ह्याची मर्यादा शोलँडर यांना आढळली ती उणे ४० अंशांची. त्या थंडींतहि तो आपलें झुपकेदार शेपूट तोंडावर ओढून स्वस्थ झोंपतो. त्याच्या अंगांतील चूल मंदच जळत असते.

ही किमया त्याच्या केंसांची. किंबहुना केंसांची नव्हे, केंसांमध्यें अडकलेल्या हवेची. स्थिर हवेसारखें उष्णता अडविणारें साधन विरळा. जुनी रजई दडपून चपटी झाली कीं ऊब देईनाशी होते आणि पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणला कीं तीच रजई पुन्हां उबदार होते, हा अनुभव घरोघरचा आहे. कापूस तोच, वाढली ती त्यांत कोंडलेली हवा. विल्सन व त्यांचे सोबती ज्या पिशव्यांत झोंपत त्या रेनडिअर जातीच्या हरणाच्या कातड्याच्याच होत्या; पण माणसांच्या घामानें व श्वासानें त्या भिजल्या, गोठल्या आणि फळीसारख्या ताठ झाल्या. कातडें हरणाच्या अंगावर असतांना त्याची उस्तवारी हरीण ठेवतें. कातडें काढून नेलें तरी ती उस्तवारी माणसाला उचलून नेतां येत नाहीं.

पेंग्विनच्या अंगावर आंखूड, ताठ पिसें कौलांसारखीं एकावर एक बसलेलीं असतात आणि त्यांच्याखालीं मऊ लव असते. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानें या पक्ष्यांचीं चित्रें घेतलीं, तेव्हां असें आढळलें कीं, त्यांच्या पिसांचा बाहेरचा थर भोंवतालच्या हवेहूनहि किंचित् थंड होता. आंत ३८ अंश आणि दोन बोटांच्या आंत हिंवाहून हींव! निरभ्र आकाशाकडे पिसांतून जी थोडी उष्णता जाते तिची भरपाई करण्यापुरतीहि ऊब आंतून बाहेर येत नाहीं, एवढें तें पांघरूण पक्कें असतें.

आकाराचाहि यांत भाग आहे. स्नानाच्या पाण्याचा हंडा बराच वेळ कढत राहतो, पण त्यांतूनच भरलेला तांब्या लवकर निवतो. कारण लहान वस्तूच्या वजनाच्या मानानें तिचा पृष्ठभाग मोठा असतो. सम्राट पेंग्विन हा पेंग्विनांत सर्वांत मोठा. उंची सुमारे चार फूट व विणीच्या आरंभीं नराचें वजन ३५ ते ४० किलोपर्यंत. ध्रुवाकडील कोल्ह्याचे कान आंखूड व नाक बुटकें असतें, तेंहि याच कारणानें.

परंतु सर्व अंग पांघरुणांत गुंडाळतां आलें तरी पायांचें काय? बर्फावर उभें राहावयाचें तें अनवाणीच. पायांत उष्ण रक्त सोडावें तर सारी ऊब बर्फांत वाहून जाईल. न सोडावें तर पाय गोठून गळून पडेल. या पेंचांतून निसर्गानें काढलेली वाट अशी. पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि पायाकडून परत येणाऱ्या रक्तवाहिन्या एकमेकींना अगदीं लगटून असतात. खालीं जाणारें रक्त उष्ण, वर येणारें थंड. जातां जातां उष्ण रक्त आपली ऊब शेजारच्या थंड रक्ताला देऊन टाकतें. घाट उतरणाऱ्यानें आपलें घोंगडें घाट चढून येणाऱ्याच्या खांद्यावर टाकावें, तसें. ऊब पायापर्यंत पोंचण्यापूर्वींच माघारीं वळते, आणि पायाला मिळते ती गोठूं न देण्यापुरती. पाऊल शून्याच्या जरा वर, एवढ्यावरच राहतें. पाय हलविणारे मुख्य स्नायूहि पायांत नसून वर उबदार शरीरांत असतात, व तेथून लांब शिरांच्या दोऱ्यांनीं ते पावलें चालवितात. त्यामुळें पावलें गार असलीं तरी चालण्यांत खंड पडत नाहीं. हीच उसनवारी नाकांतहि चालते. बाहेर जाणारा श्वास नाकाच्या गार वाटांवरून जातांना आपली बरीचशी ऊब व ओल तेथेंच ठेवून जातो, आणि पुढचा आंत येणारा श्वास ती उचलून घेतो.

गार पायांची आणखी एक अडचण आहे, आणि तिचें उत्तर आपल्या फडताळांतच सांपडतें. पुण्याच्या थंडींत खोबरेल तेल बाटलींत थिजतें, शेजारचें तिळाचें तेल पातळ राहतें. सर्व स्निग्ध पदार्थ एकाच तपमानाला गोठत नाहींत. रेनडिअरच्या मांडींतील हाडाच्या मगजांत जी चरबी असते ती लवकर थिजणारी असते. पण खूराकडे जावें तसतशी ती पातळ, न थिजणारी होत जाते. एकाच प्राण्याच्या एकाच पायांत वर खोबरेल आणि खालीं तिळेल, असा हा प्रकार आहे.

आतां पुन्हां सम्राट पेंग्विनकडे वळूं. दक्षिण ध्रुवखंडाच्या भर हिंवाळ्यांत अंडें उबविणारा पक्षी हा एकच. मे-जूनमध्यें मादी एकच अंडें घालते. त्यांत तिचा सांठा पुष्कळसा संपतो, म्हणून अंडें नराच्या पायांवर सोंपवून ती समुद्राकडे निघून जाते. हा हवालाहि नाजूक असतो. अंडें बर्फावर निसटून क्षणभर अधिक राहिलें तर आंतील जीव संपला. नर तें आपल्या पावलांवर घेतो, पोटाच्या कातडीची घडी त्यावर पांघरतो, आणि सुमारे ६५ दिवस तसाच राहतो. समुद्रावरून वसाहतीकडे निघाल्यापासून मादी परत येईपर्यंत त्याचा उपास जवळजवळ चार महिन्यांचा होतो आणि वजन ४० टक्क्यांच्या आसपास घटतें. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्याची चरबी हें त्याचें इंधनहि आहे आणि पांघरूणहि आहे. एकेक दिवस जगण्यासाठीं तो आपल्याच रजईंतील कापूस जाळीत असतो.

एकट्यानें हा सांठा पुरत नाहीं. म्हणून हे पक्षी दाटीवाटीनें उभे राहतात, कधीं एका चौरस मीटरांत दहा दहा. ॲडेली लँडच्या किनाऱ्यावर फ्रेंच शास्त्रज्ञांनीं यांचा अनेक वर्षें अभ्यास केला आहे. घोळक्यापासून दूर ठेवलेले पक्षी अधिक वेगानें रोडावतात असें त्यांना आढळलें. आणि घोळक्याच्या आंतील तपमान कधीं कधीं ३५ अंशांच्याहि वर जातें असेंहि दिसून आलें. बाहेर हिमवादळ आणि आंत मुंबईचा वैशाख! मग कडेला कोण उभें राहतें? कायमचें कोणीच नाहीं. वाऱ्याच्या अंगाचे पक्षी हळूहळू आडोशाच्या बाजूस सरकतात, मागचे उघडे पडतात, आणि घोळका फिरत राहतो. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत दिसलें कीं, दर अर्ध्या-एक मिनिटानें सर्व घोळक्यांतून पांचदहा सेंटिमीटरांच्या पावलांची एक लाट जाते. गर्दी घट्ट राहते, पण गोठून बसत नाहीं.

यावरून या पक्ष्यांच्या परोपकाराचे गोडवे गाण्याचा मोह होतो. पण प्रत्येक जण आपापल्यापुरती ऊब शोधीत असतो, एवढेंच म्हणणें अधिक प्रामाणिकपणाचें होईल. इतर पेंग्विन आपापल्या घरट्यासाठीं भांडतात, जवळ येणाऱ्याला टोंचतात. सम्राट पेंग्विनचें घरटें त्याच्या पायांवरच असतें. त्याला राखावयाला जमीनच नाहीं, म्हणून शेजाऱ्याशीं भांडणहि नाहीं. दाटी शक्य होते ती यामुळें.

अंडें फुटेपर्यंत मादी आली नाहीं, तर हा उपाशी बाप आपल्या अन्ननलिकेंतून पाझरणारा दुधासारखा रस पिलाला भरवतो. तो कांहीं दिवसच पुरतो. मादी आली कीं हजारोंच्या गलक्यांतून ती आवाजावरून आपल्या नराला ओळखते आणि नर समुद्राकडे निघतो. पण ती फारच लांबली तर? नराचें वजन एका मर्यादेखालीं गेलें कीं तो अंडें किंवा पिलूं टाकून चालूं लागतो. समुद्रापर्यंत पोंचण्यापुरतें बळ राखूनच ही मर्यादा ठरलेली असते. कठोर वाटतें, पण बाप मेला तर पिलूं मरतेंच, आणि बाप जगला तर पुढच्या वर्षीं दुसरें अंडें उबतें.

समुद्रांतील माशांचा मार्ग याहून अगदींच निराळा. त्यांना राखावयाला ऊबच नसते. दक्षिण ध्रुवाभोंवतींचें खारें पाणी उणे १.९ अंशांपर्यंत द्रवरूप राहतें; सामान्य माशाचें रक्त मात्र उणे पाऊण अंशाच्या आसपासच गोठावयास लागतें. मग तेथील मासे गोठत कां नाहींत? आर्थर डिव्ह्राइस या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६० नंतरच्या दशकांत याचा उलगडा केला. या माशांच्या रक्तांत साखर जोडलेलीं कांहीं विशिष्ट प्रथिनें असतात. बर्फाचा अतिसूक्ष्म कण रक्तांत तयार होतांच तीं त्याला चिकटतात आणि त्याला वाढूं देत नाहींत. साखरेचा पाक आळून त्याची खडीसाखर होऊं नये म्हणून गृहिणी त्यांत लिंबू पिळतात; तेथील क्रिया वेगळी, पण हेतु तोच. याच समुद्रांतील बर्फमासा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशांच्या रक्तांत तर तांबडा रंगच नसतो. नॉर्वेच्या योहान रूड यांनीं १९५४ सालीं तें रक्त तपासून प्रसिद्ध केलें, तोंवर देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या या गोष्टीवर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. थंड पाण्यांत प्राणवायु भरपूर विरघळतो. मोठें हृदय आणि पुष्कळ पातळ रक्त यांच्या बळावर या माशाचें भागतें.

अलास्कांतील बिळांत राहणाऱ्या खारीनें तिसराच मार्ग धरला आहे. ती वर्षांतून सातआठ महिने झोंपते, आणि तेव्हां तिचें शरीर उणे २.९ अंशांपर्यंत उतरतें, असें ब्रायन बार्न्स यांनीं १९८९ सालीं नोंदविलें. दर दोनतीन आठवड्यांनीं ती कांपून स्वतःला तापविते आणि पुन्हां दुकान बंद करते.

आतां या काटकसरीची दुसरी बाजू पाहावयास हवी. जो एवढें राखतो त्याला टाकतां येत नाहीं. शून्य अंशाची हवा आणि उन्ह, एवढ्यानेंहि सम्राट पेंग्विनला उकडतें. तो बर्फ खाऊन अंग निववितो, आणि घोळका मोडतो तेव्हां त्यांतून वाफा निघतांना दिसतात. तथापि उन्हाहून मोठा धोका त्याच्या पायांखालींच आहे. त्याच्या बहुतेक वसाहती जमिनीवर नसून किनाऱ्याला घट्ट धरून राहिलेल्या समुद्रबर्फावर असतात. भर हिंवाळ्यांत अंडें उबविण्याचें कारणहि हेंच: पिलूं वाढावयास सुमारे पांच महिने लागतात, आणि डिसेंबर-जानेवारींत बर्फ फुटून समुद्र जवळ येईल त्या सुमारास त्याच्या अंगावर पाण्याला दाद न देणारीं पिसें आलेलीं असावयास हवींत. त्यापूर्वीं त्याच्या अंगावर असते ती राखी लव. ती हवेंत उत्तम. पाण्यांत भिजली कीं ओल्या कापसासारखी.

म्हणजे हिशेब दिवसांचा आहे, आणि त्यांत शिल्लक फारशी नाहीं. वेडेल समुद्राच्या कडेची हॅली बे ही फार मोठी वसाहत. तेथें २०१६ पासून तीन वर्षें बर्फ वेळेपूर्वीं फुटला आणि पिलें जवळजवळ वाढलींच नाहींत. मोठे पक्षी मात्र मेले नाहींत. त्यांतील पुष्कळ दक्षिणेस डॉसन-लँबटन हिमनदीजवळच्या वसाहतींत गेले असावेत. कारण ती वसाहत त्याच काळांत कित्येक पटींनीं वाढलेली दिसली. २०२२ सालीं बेलिंग्सहाउझेन समुद्रांत याहून व्यापक आपत्ति आली. तेथील पांच वसाहतींपैकीं चार वसाहतींच्या खालचा बर्फ पिलांना पिसें येण्यापूर्वींच नाहींसा झाला. एका स्मायली बेटाजवळच सुमारे साडेतीन हजार जोडप्यांची वस्ती असे. रॉथ्सचाइल्ड बेटाजवळची पांचवी, लहान वसाहत तेवढी तरली. हें पाहावयास तेथें कोणी मनुष्य नव्हता. या वसाहती कृत्रिम उपग्रहांच्या छायाचित्रांत ओळखतात त्या बर्फावर पडणाऱ्या विष्ठेच्या तपकिरी डागांवरून. पुढच्या छायाचित्रांत त्या जागीं बर्फ नव्हता आणि डागहि नव्हते.

अशा वसाहती दक्षिण ध्रुवखंडाभोंवतीं साठांहून अधिक मोजल्या गेल्या आहेत. केप क्रोझियरची त्यांपैकींच एक. १९११ च्या जुलैंत जेथें तीन माणसें अंडीं शोधीत होतीं, तेथील पक्षी अजूनहि हिंवाळ्यांत बर्फावर जमतात, आणि नर पायांवर अंडें घेऊन मादीची वाट पाहात उभे राहतात.